दसऱ्याच्या धुण्यात धुतलेला फिल्टर

एकतीस वर्षं गावाला पाणी सोडलं, यापलीकडे आपल्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं ग्यानबाला वाटतं. माणूस स्वतःबद्दल बहुतेक वेळा चुकीचंच बोलतो.

शिरड शहापूरच्या अलीकडे एक रस्ता आत फुटतो, तिथून तीन किलोमीटरवर त्याचं गाव. उजाडायच्या आत व्हॉल्व्हची लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून तो निघायचा. आधी वरची गल्ली, मग मारुतीचा पार, मग खालची वस्ती. सरकारी कागदावर त्याच्या कामाला 'जलसुरक्षक' असं भारदस्त नाव होतं. एवढा मोठा शब्द बोलायला गावाला सवड नव्हती, म्हणून तो झाला पाणीवाला ग्यानबा. पण त्याच्या मते पाणी सोडणं हे त्याचं काम नव्हतंच. पाण्याचं काय, उतार दिला की ते आपलं आपण येतं. त्याचं खरं काम होतं मारण्याचं.

टाकीत पाणी किती ते काठीनं मोजायचं, त्या मापानं टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची, पांढरी पावडर बादलीत कालवायची, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. मग काचेच्या बोटभर नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. रंग पिवळा आला की समजायचं, पाण्यात जे काही वंगाळ होतं ते मेलं. हे त्यानं एकही दिवस चुकवलं नाही. पोराच्या, म्हणजे सोमेश्वरच्या लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात आणि नवरदेवाचा बाप टाकीवर, अशी तऱ्हा झाली होती. सासरच्या मंडळींनी तेव्हाच ओळखलं की हे घर जरा वेगळं आहे.

त्याला कारण होतं. ग्यानबा नोकरीला लागायच्या आदल्या वर्षी गावात गॅस्ट्रोची साथ आली. त्याची थोरली लेक रूपा तीन वर्षांची होती. दवाखान्यात नेईपर्यंत तिच्या अंगातलं पाणी संपलं होतं. ग्यानबानं डॉक्टरला विचारलं, "पाणी तर निवळशंख होतं, साहेब. मी सोता भरलं. काई दिसत नव्हतं त्यात." डॉक्टर म्हणाले, "जंतू डोळ्याला दिसत नाहीत." हे वाक्य ग्यानबाच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. पुढच्याच वर्षी त्यानं सरपंचाच्या पायऱ्या झिजवून पाणी सोडायचं काम मागून घेतलं. तेव्हापासून पाण्यात न दिसणारं जे काही असेल तो त्याचा वैरी. त्यानंतर त्या गावात पाण्यानं लेकरू गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला तेव्हा हार-नारळ देताना सगळे त्याच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. ही गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नाही.

आता मासे.

सोमेश्वर वसमतला हळदीच्या आडतीवर नोकरीला, आठवड्याला घरी येणारा. त्याची बायको प्रियंका सिद्धेश्वर धरणाच्या काठावरची. लहानपणापासून मासे पाहिलेली, आणि घरात नुसतं बसवत नाही अशी. तिनं कुठं कुठं जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि एक दिवस जाहीर केलं की आपण कोई पाळणार. कोई म्हणजे रंगीत मोठे मासे, लोकांच्या बंगल्यातल्या हौदात फिरतात ते.

"खायाचे न्हाईत?" सासूबाई नर्मदाबाईंनी विचारलं.

"न्हाई आत्या. पाहायचे."

"पाहायला एवढा मासा लागतो व्हय? माणसं कमी हायत का पाहायला?"

पण नर्मदाबाईंच्या बोलण्यात विरोध कधी नसतो, नुसती चव असते. अंगणात हौदाचं बांधकाम सुरू झालं, आणि शेजारी हजार लिटरची निळी टाकी आली. ती क्वारंटाईनची. तो शब्द गावाला समजावून सांगावा लागला नाही. कोरोनात निम्मं गाव शाळेत चौदा दिवस झोपून आलं होतं. बाहेरून आलेल्या माशांनी आधी या टाकीत राहायचं, आजार नाही अशी खात्री झाली की हौदात जायचं.

टाकीला फिल्टर पाहिजे. फिल्टर म्हटल्यावर ग्यानबाच्या अंगात वारं संचारलं. गाळणीतलं त्याला कोण शिकवणार? तो पूर्णेची बारीक रेती आणायला निघाला. प्रियंका म्हणाली, "मामा, रेती दोन दिसांत चोंदून बसंल. आपल्याला चाळणी न्हाई पाहिजे, घर पाहिजे."

"कोणाला घर?"

"राहणाऱ्याला," ती हसून म्हणाली आणि मोटार जोडायला गेली. तिला वाटलं, मामांना कळलं. मामांना वाटलं, सून थट्टा करते.

मग डोंगरातला भोकाभोकांचा काळा दगड आणू का, असं त्यानं सुचवलं. प्रियंकानं विचार केला. दगड हौदाला छान, ती म्हणाली, पण या टाकीला नको. एखादा मासा आजारी निघाला तर तो आजार दगडाच्या भोकात दडून बसेल, पुढच्या माशांना लागेल. इथं असं काही पाहिजे जे वेळ आली तर उकळता येईल नाहीतर फेकून देता येईल. शेवटी तिनं स्पंजाचे ठोकळे घेतले आणि भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या, चांगल्या दोनशे. हिंगोलीच्या दुकानदारानं विचारलं म्हणे, ताई, मेस काढली का?

जाळ्या एका ड्रममध्ये भरल्या, टाकीचं पाणी मोटारीनं त्यातून फिरायला लागलं. आणि मग प्रियंकानं असं काही सुरू केलं की ग्यानबानं नर्मदाबाईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"टाकीत मासा न्हाई. अन् ही रोज चिमूट चिमूट चारा टाकून राहिली."

"मासा यायचा असंल."

"आल्यावर टाकावा की! रिकाम्या गोठ्यात कडबा टाकतं का कोणी?"

दीड महिना ती रिकाम्या टाकीला जेवू घालत होती. शेजारच्या बायका येऊन पाहून जात. पांढऱ्या जाळ्या हळूहळू पिवळसर झाल्या, मग तपकिरी, मग त्यांच्यावर शेवाळी बुळबुळीत थर बसला. प्रियंका रोज झाकण उघडून पाही आणि खूश होई. ग्यानबाला ते पाहवत नसे.

भाद्रपद निम्मा सरला तेव्हा मासे आले. नऊ. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, लांबून, आगगाडीनं. एकेक हातभर लांब, अंड्यावर येणारे. पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, तासाभरानं उघडल्या, आणि त्या निळ्या पाण्यात केशरी, पांढरं, काळं असं काही हललं की ग्यानबा काठावर ओणवाच झाला. एक मादी सगळी पांढरी, फक्त कपाळावर लाल गोल टिळा. नर्मदाबाईंनी पदर सावरून तिला हात जोडले. "सवाष्णीवाणी दिसते गं," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून पाहायला काहून पाळायचे, हा प्रश्न घरात निघाला नाही.

या नऊ माशांवर प्रियंकाचं सगळं होतं. हीच बी-बियाण्याची जोडपी. ही जगली तर हौद भरणार, ही गेली तर पुन्हा एवढं धाडस करायला घर तयार होणार नाही, आणि खरं सांगायचं तर तीही होणार नव्हती.

पितृपक्षाच्या शेवटी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. चार दिवसांसाठी जाताना तिनं ग्यानबाला सांगितलं, "मामा, दोनदा चिमूटभर दाणे टाका. मोटार बंद पडू देऊ नका." बाकी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं बाकी काही होतंच कुठं?

आता तिकडं नर्मदाबाईंचं दसऱ्याचं धुणं चालू होतं. घट बसायच्या आधी घरातली एकूण एक वस्तू पाण्यातून निघाली पाहिजे. गोधड्या ओढ्याला, डबे अंगणात, भिंतीवरचे फोटो पुसून दुपारच्या उन्हाला. या दिवसांत ग्यानबाचंही एक ठरलेलं काम असे. गावची उंच टाकी रिकामी करायची, आत उतरायचं, काथ्यानं भिंती घासायच्या, टीसीएल मारायची आणि बाहेर येऊन डोळे चोळत चहा प्यायचा. आता ते काम दुसऱ्याकडे होतं. ग्यानबा पारावर बसून टाकीवर चढणाऱ्या नव्या माणसाकडे पाहत राहिला. हातांना काम नव्हतं. आणि घरी, अंगणात, ड्रमभर बुळबुळ होती.

सकाळपासून दुपारपर्यंत त्यानं दोनशे जाळ्या एकेक करून घासल्या. स्पंज पिळून पिळून धुतले. तपकिरी पाणी नालीला लावलं. मग टीसीएलच्या पाण्यात सगळं बुडवलं, दोनदा खळाळून काढलं, उन्हात गच्चीवर वाळत घातलं. माशांना तकलीफ नको म्हणून पावडरीचा वास जाईपर्यंत पुन्हा धुतलं, इतका तो काळजीचा माणूस. संध्याकाळी ड्रम भरला तेव्हा जाळ्या दुकानातून आल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र होत्या. सून आली की पाहील, असं त्याच्या मनात आलं, आणि तो त्या दिवशी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी मासे जरा वर वर येऊ लागले. तिसऱ्या दिवशी सगळे वरच, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत. भूक लागली असंल, ग्यानबा म्हणाला, आणि त्यानं चिमटीऐवजी मूठ टाकली.

घट बसले त्याच दुपारी प्रियंका परतली. पिशवी हातात तशीच, ती आधी टाकीपाशी गेली. पाहिलं. मग ड्रमचं झाकण उघडलं.

"हे कोणी धुतलं?"

"मी," ग्यानबा पुढे झाला. "बराबर टीसीएल मारून. उन्हात वाळवून."

प्रियंका खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पेटीतून काचेची बोटभर नळी काढली, टाकीतलं पाणी घेतलं, थेंब टाकले. ग्यानबाला ती नळी ओळखीची वाटली. एकतीस वर्षं तीच तर हातात होती. पाणी हिरवं होत गेलं, आणखी हिरवं, गडद.

"हिरवा चांगला का?" त्यानं विचारलं.

"न्हाई मामा. पिवळा चांगला. हे विष हाय." तिनं नळी त्याच्यासमोर धरली. "मासा हगतो-मुततो त्याचं विष होतं पाण्यात. ते खाऊन टाकणारे जंतू असतात. डोळ्याला दिसत न्हाईत. त्या बुळबुळीत राहत होते. मी दीड महिना रिकाम्या टाकीत कोणाला चारत होते मंग? त्यांनाच की."

ग्यानबाला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. पाण्यात न दिसणारं जे असेल ते मारायचं, एवढी एक गोष्ट त्याला आयुष्यात येत होती. ती त्यानं जीव लावून केली होती, आणि अंगणातले नऊ जीव त्यामुळे गुदमरत होते.

"किती असतील ते?" त्यानं हळू विचारलं.

"नखाएवढ्या जागेवर हिंगोली जिल्ह्यात माणसं न्हाईत तेवढे."

ग्यानबानं आपल्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं. मग गच्चीकडे पाहिलं, जिथं त्यानं जाळ्या वाळवल्या होत्या. एवढी वस्ती. दीड महिना वाढलेली, कोणाचं काही न मागता दिवसरात्र राबणारी. आणि तो तिच्यावर शीळ घालत पावडर ओतत होता.

"मीच सांगायला पाहिजे होतं तुमाला," प्रियंका डोळे पुसत म्हणाली.

"सांगितलं असतं तरी धुतलं असतं मी," ग्यानबा म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

त्या संध्याकाळी एक केशरी मासा गेला, सकाळी दुसरा. चारा बंद केला. नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणून शेतातल्या विहिरीचं पाणी आणून रोज निम्मं बदलायचं, एवढं हाती होतं. पण पाणी बदलून विष पातळ होतं, थांबत नाही. जाळ्यांवर पुन्हा वस्ती बसायला महिना-दीड महिना लागणार, आणि मासे तेवढे दिवस काढणार नव्हते. लाल टिळ्याची मादी तळाशी एका कुशीवर कलली होती.

"कुठून तयार वस्ती मिळाली तर," प्रियंका म्हणाली. "कुणाचा चालू हौद असता तर त्यातली मूठभर जाळी बी पुरली असती. धरणातून आणावं तर तिथले माशांचे आजार येतील. मासा नसलेली जागा पाहिजे. पाणी सतत वाहणारं, औषध न लागलेलं, अन् त्यात मूत-शेण पडणारं. अशी जागा कुठं असते?"

गावातला प्रत्येक पाइप, प्रत्येक सांधा, प्रत्येक गळती ग्यानबाच्या डोक्यात होती. आणि अशी एक जागा त्याला ठाऊक होती. सांगायची मात्र लाज वाटत होती.

विहिरीवरून उंच टाकीकडे जाणाऱ्या लाइनीचा एक सांधा ओढ्याजवळ वीस वर्षं गळत होता. ग्यानबानं त्याला शिसं लावलं, रबर लावलं, सुतळी गुंडाळली, शिव्या दिल्या. तो थांबला नाही. खाली दगडांवरून पाण्याची बारीक धार वाहते, गावची जनावरं तिथं पाणी पितात, तिथंच उभी राहून मुततात. टाकीच्या आधीची लाइन, म्हणजे टीसीएल न पोचलेलं पाणी. तपासणीला साहेब आले की ग्यानबा त्यांना त्या वाटेनं नेतच नसे.

"जनावरं मुततात तिथं?" प्रियंकानं विचारलं. "नक्की?"

"व्हय. रोज."

"फवारणीचे पंप धुतात का कोणी?"

"माझ्या हयातीत न्हाई धुऊ दिले."

ती उठून उभीच राहिली.

ओढ्यापाशी ग्यानबा गुडघ्यावर बसला. याच दगडांवरून पाय घसरून तो कितीदा पडला होता. आता त्यानं एक दगड दोन्ही हातांनी उचलला. वर तोच तपकिरी, बुळबुळीत थर. त्याला तो थर कधी नीट दिसलाच नव्हता. ऊन पडलं की त्यात हिरवी, सोनेरी झाक येत होती आणि बारीक बुडबुडे होते. दगडांना चप्पल लागू नये म्हणून त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या. गावासाठी जे काम आपण टाकीवर चढून करत होतो, तसंच काहीतरी हे जंतू इथं खाली, न सांगता, बिनपगारी करत होते, असं त्याच्या मनात आलं. ते त्यानं सुनेला बोलून दाखवलं नाही.

दोन घमेली दगड ओल्या बारदानात झाकून आणले, वरची माती हलकेच विहिरीच्या पाण्यात निथळली, आणि जाळ्यांच्या मधोमध ड्रममध्ये ठेवले. हे दगड मासे हौदात गेले की काढून टाकायचे, असं प्रियंकानं बजावलं. मोटार सुरू झाली.

पहिले दोन दिवस नळी हिरवीच. तिसऱ्या दिवशी तेवढीच हिरवी, म्हणजे वाढली नव्हती. ग्यानबा जेवायचं सोडून टाकीपाशीच बसला. आत देवघरात नर्मदाबाई घटाच्या मातीला पाणी घालत, तिथं धान्य फुटून वर येत होतं. बाहेर ग्यानबाला काहीच फुटताना दिसत नव्हतं. तरी पाचव्या दिवशी हिरवं फिकं झालं. कोणी काही ओतलं नव्हतं, कोणी पाणी जास्त बदललं नव्हतं. सातव्या दिवशी लाल टिळ्याची मादी तळावरून सरळ झाली आणि टाकीला एक पूर्ण चक्कर मारून आली. ग्यानबानं नर्मदाबाईंना हाक मारली, पण हाकेत शब्दच नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी नळी पिवळी आली. निखळ पिवळी. प्रियंकानं ती ग्यानबाच्या हातात दिली. आयुष्यभर हा रंग म्हणजे सगळं मेल्याची खूण होती. आज तो कोट्यवधी जिवंत असल्याची खूण होता. ग्यानबा नळी उजेडात धरून किती वेळ उभा राहिला, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

सात मासे वाचले. महिन्याभरानं दगड काढले, मासे हौदात गेले, आणि स्पंज चोंदत आलाय असं प्रियंकाच्या ध्यानात आलं. धुवायचा, पण घासून नाही. टाकीच्याच पाण्यात एकदा-दोनदा हलकं दाबायचा, वरचा गाळ जावा, वस्ती राहावी.

"मामा, हे तुमी करा," ती म्हणाली.

"नको पोरी. माझा हात जड हाय."

"म्हणून तर. आता तुमच्याएवढं सांभाळून कोणी करणार न्हाई."

ग्यानबानं बादलीत टाकीचं पाणी घेतलं, स्पंज त्यात बुडवला. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तितक्या हलक्या हातानं दाबला. एकदा. पाणी तपकिरी झालं. दुसऱ्यांदा दाबायचा त्याला धीर होईना. स्पंज ड्रममध्ये परत ठेवून तो बादली घेऊन उभा राहिला.

"टाका की ती घाण नालीत," नर्मदाबाई ओसरीवरून म्हणाल्या.

"हळू बोल," ग्यानबा म्हणाला.

तो बादली घेऊन परसात गेला. तिथं हळदीचे दोन वाफे होते. एकेका रोपाच्या बुडाशी वाकून, थोडं थोडं, सांडू न देता त्यानं ते पाणी ओतलं. शेवटचा वाफा संपेपर्यंत दुपार झाली. रिकामी बादली मात्र त्यानं त्या दिवशी घासली नाही.